बुडत्या दुकानाचे सावकार

आमच्या आंजी गावात किराणा दुकान बंद पडतं तेव्हा पाटी लागत नाही. आधी तेलाचा पिपा रिकामा राहू लागतो. ‘उद्या येते जी गाडी,’ हे उत्तर दोन-तीनदा ऐकू येतं. मग शटर दुपारपर्यंत उघडत नाही, आणि पोळ्याचं सामान आणायला गेलेल्या माणसाला कळतं की दुकानदार आता दुसऱ्याच्या दुकानात तराजूवर बसतो. त्यानंतरही काही महिने तो उधारीची वही काखेत मारून घरोघर फिरतो. ज्यांच्याकडे येणं आहे ते त्याला खाटेवर बसवतात, चहा पाजतात आणि ‘कापसाचा चुकारा आला की देतो’ म्हणतात. दुकान गेलं तरी येणं उरलेलं असतं, आणि ते दुकानदाराचं असतं, गिऱ्हाइकाकडे.

शहरातलं साखळी दुकान बुडतं तेव्हा ही वही उलटी होते. तिथे येणं गिऱ्हाइकाचं असतं आणि वही मात्र दुकानाकडे असते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. काही वर्षांपूर्वी एका साखळी दुकानाचा शेवटचा सेल लागल्याची बातमी गावात पोचली. आर्वीकडून येणाऱ्या एसटीनं आम्ही चार-पाच जण वर्ध्याला उतरलो. बरोबर शेजारच्या काकू होत्या. त्यांच्या बटव्यात त्याच दुकानाची पाचशे रुपयांची भेट-कुपनं होती, जपून चौघडी केलेली. आत अर्धे दिवे बंद होते, एसी तर बंदच. तासभर फिरून काकूंनी स्टीलचे डबे, साबण आणि एक मोठी कढई निवडली. काउंटरवरच्या पोरानं कुपनं हातात घेतली, परत केली आणि म्हणाला, “मावशी, ह्यायची सिस्टीमच बंद झाली. रोख द्या.” काकू क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पैसे आपले यायच्याकडं, अन् खाली हात आपणच जायचं?”

नादारीच्या कायद्यातली सर्वांत किचकट गोष्ट काकूंनी एका वाक्यात सांगितली होती. पुढे जे लिहितो आहे तो तिचाच विस्तार आहे.

साखळी दुकान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेचा दरवाजा आणि ट्रॉली येते. महाराष्ट्रात ही कल्पना रुजली ती मात्र गिरणगावात. १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात कामगारांनी सहकारी ग्राहक संस्था काढली. तिचंच पुढे ‘अपना बाजार’ झालं. तिचं कूळ त्याहून जुनं, इंग्लंडातल्या रॉचडेल गावचं. तिथे १८४४ मध्ये २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, वर्गणी गोळा करून पीठ, साखर, लोणी, मेणबत्त्या विकणारं दुकान थाटलं होतं. अशा दुकानात गिऱ्हाईक भाग घेऊन मालक होतं. पैसे कुणाचे आहेत हे सगळ्यांना उघड माहीत असायचं आणि सभेत उभं राहून हिशेबही विचारता यायचा. सहकारी दुकानं बुडत नाहीत असं नाही. दिल्लीत १९६६ मध्ये थाटामाटात सुरू झालेला सुपर बाजार २००२ मध्ये अवसायनात निघालाच. ‘अवसायन’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, हे आपल्या सहकाराचं दुर्दैव.

पुढची पिढी खासगी भांडवलाची. किशोर बियाणी यांच्या कंपनीनं २००१ मध्ये ‘बिग बझार’ सुरू केला, आणि महानगरांबाहेरच्या, दुसऱ्या फळीतल्या शहरात पाऊल टाकायचं ठरवलं तेव्हा २००३ मध्ये पहिली निवड केली नागपूरची. आमच्या भागात त्याचं काय अप्रूप होतं ते आज सांगून पटणार नाही. लग्नाचा बस्ता बांधायला नागपूरला गेलेली मंडळी तिथे चक्कर मारल्याशिवाय परतत नसत. गिऱ्हाईक बियाणींनी बारकाईनं वाचलं होतं. फार चकचकीत दुकानात सामान्य माणूस दबकतो, म्हणून थोडी गर्दी, थोडा गोंगाट, ढीग मारलेला माल, हात घालून निवडता येईल असे तांदूळ अशी मांडणी मुद्दाम ठेवलेली. बाजार वाटावा असाच तो बाजार होता. २६ जानेवारीच्या आसपासचे ‘सबसे सस्ते दिन’, बुधवारची स्वस्ताई, जुनं सामान आणून द्या आणि कुपनं घ्या ही योजना: रद्दी, फुटकी बादली, जुने कपडे घेऊन माणसं रांगेत उभी राहत.

त्याच सुमाराला कंपन्यांची नजर खेड्यांकडेही वळली होती. गोदरेज अ‍ॅग्रोव्हेटनं २००३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या मंचरला ‘आधार’ हे शेतकऱ्यांचं दुकान काढलं. ती साखळी पुढे बियाणींच्याच समूहाकडे गेली. आयटीसीचे ‘चौपाल सागर’ मध्य प्रदेशातल्या सिहोरपासून सुरू होऊन विदर्भातही आले. एका बाजूला सोयाबीन विका, दुसऱ्या बाजूला खत, डिझेल, शर्ट आणि टीव्ही घ्या, अशी ती रचना. डीसीएम श्रीरामचा ‘हरियाली किसान बाजार’ दहा-बारा वर्षं चालून गुंडाळला गेला. ही खेड्यातली मोठी दुकानं शहरातल्यांसारखी का फोफावली नाहीत, याची कारणं अहवालांतून बरीच दिली जातात: अंतर, गोदामं, मालाची मांडणी. माझं मत साधं आहे. खेड्यात पैसा वर्षातून दोनदा येतो, सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर. मधल्या महिन्यांत घर चालतं ते वहीवर. ज्या दुकानात वही नाही तिथे आंजीचा माणूस हौसेला जाईल, तेल-मिठाला जाणार नाही.

आता मुख्य प्रश्न. एवढा पसारा असलेलं दुकान एकाएकी कसं बुडतं?

समजा एका दुकानानं कंपनीकडून लाख रुपयांचा साबण घेतला. पैसे तीस दिवसांनी द्यायचे आहेत. साबण पंधरा दिवसांत विकला गेला आणि गिऱ्हाइकानं रोख दिले. म्हणजे उरलेले पंधरा दिवस दुसऱ्याचे लाख रुपये दुकानाच्या गल्ल्यात फुकट खेळतात. एका दुकानात हा आकडा किरकोळ वाटेल, पण पाचशे दुकानांत त्यातून नवीन शंभर दुकानांची सजावट निघते. नवीन दुकानं निघाली की आणखी माल उधार येतो, गल्ल्यात आणखी पैसा खेळतो. दुकानं वाढत असतात तोवर हे चाक स्वतःच्या जोरावर फिरतं. ज्या दिवशी वाढ थांबते, किंवा बाजारात नुसती कुजबुज सुरू होते की ‘ह्यांचे चेक उशिरा वटतात’, त्या दिवशी वितरक म्हणतो, आधी पैसे, मग माल. चाक तिथल्या तिथे उलटं फिरतं. जागेचं भाडं, बँकेचं व्याज, पोरांचे पगार हे सगळे खर्च रोजच्या गल्ल्यातून जायचे; गल्ला भरायला माल हवा आणि माल घ्यायला आता रोख हवी. म्हणून दुकान अनेक वर्षांत हळूहळू कमकुवत होतं, पण रॅक रिकामे व्हायला काही आठवडे पुरतात.

याचं शाळेत शिकवावं असं उदाहरण म्हणजे ‘सुभिक्षा’. आर. सुब्रमण्यन यांनी १९९७ मध्ये चेन्नईत पहिलं दुकान काढलं. लहान जागा, एसी नाही, सजावट नाही, किराणा आणि औषधं स्वस्त. कल्पना मध्यमवर्गाला पटणारी होती. नंतरच्या दोन-तीन वर्षांत मात्र विस्ताराचा वेग असा वाढला की २००८ पर्यंत देशभर सुमारे १,६०० दुकानं झाली, मुंबई-पुण्यातही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक कोसळली आणि जगभर कर्ज मिळेनासं झालं. भाग विकून भांडवल उभारण्यापेक्षा कर्जावर वाढलेल्या सुभिक्षाकडे रोख संपली. २००९ च्या सुरुवातीला पगार थकले, भाडी थकली, पहारेकऱ्यांचेही पैसे थकले. काही दुकानांत लुटालूट झाली. नावाचा अर्थ सुकाळ आणि शेवट हा.

योगायोग असा की त्याच महिन्यांत ब्रिटनमधली वूलवर्थ्स ही १९०९ पासूनची साखळी मिटली. ८०७ दुकानं, सुमारे २७ हजार नोकऱ्या. शेवटचं दुकान ६ जानेवारी २००९ ला बंद झालं. मुलांना हव्या त्या गोळ्या निवडून पिशवीत भरू देण्यासाठी ते दुकान प्रसिद्ध होतं. गोळ्यांची शेवटची पिशवी लिलावात १४,५०० पौंडांना गेली. जिवंत दुकानाला कुणी एवढं प्रेम दाखवलं असतं तर ते बुडलंच नसतं, असा विचार हे वाचताना मनात येऊन गेला.

बिग बझारचा शेवट यापेक्षा गुंतागुंतीचा. कर्ज आधीच डोंगराएवढं, त्यावर मार्च २०२० ची टाळेबंदी. ऑगस्ट २०२० मध्ये बियाणींनी किरकोळ विक्रीचा आणि संबंधित व्यवसाय रिलायन्सला २४,७१३ कोटी रुपयांना विकण्याचं जाहीर केलं. त्याआधी २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉननं समूहातल्या दुसऱ्या एका कंपनीत ४९ टक्के भाग घेतला होता आणि त्या करारात असा सौदा रिलायन्सशी करायचा नाही असं बंधन आहे, असा तिचा दावा. सिंगापूरच्या लवादापासून दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. दरम्यान भाडी थकत राहिली. अनेक जागांचे करार रिलायन्सनं स्वतःच्या नावावर करून घेतले आणि फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये बँकांनी मूळ सौदा नाकारला, जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणानं बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून फ्युचर रिटेलची नादारी प्रक्रिया सुरू केली आणि जुलै २०२४ मध्ये अवसायनाचा आदेश दिला. बऱ्याच जागी तीच इमारत, तेच रॅक, पाटी तेवढी ‘स्मार्ट बझार’.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिकेत साखळी बुडते तेव्हा तिच्या अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या वेगळ्या कंपन्या असतात. त्या सगळा माल एकगठ्ठा उचलतात आणि सेल लावतात. सुरुवातीला सवलत दहा-वीस टक्के, तीही आधीची चालू सवलत काढून, छापील किमतीवर मोजलेली. म्हणजे काही वस्तू मागच्या आठवड्यापेक्षा महागच. मग तीस, पन्नास, सत्तर. शेवटी रॅक, ट्रॉल्या, भिंतीवरची घड्याळंही विकतात. कधी कधी मूळ दुकानात कधीच नसलेला माल बाहेरून आणून त्याच ढिगात मिसळतात. ‘बेड बाथ अँड बियाँड’ ही न्यू जर्सीतली साखळी एप्रिल २०२३ मध्ये नादार झाली. तिची निळी २० टक्के सवलतीची कुपनं घराघरांत, आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही, ड्रॉवरभर साठलेली. दिवाळखोरीच्या अर्जानंतर तीन दिवसांत ती घेणं बंद झालं. मग दुसऱ्या एक-दोन साखळ्यांनी जाहीर केलं, ती कुपनं आमच्याकडे चालतील. मेलेल्या दुकानाचं गिऱ्हाईक ओढायला याहून स्वस्त जाहिरात कुठली?

आपल्याकडे मात्र असं शिस्तीत मरण क्वचितच येतं. साखळी बुडू लागली की वितरक आपला माल परत न्यायला टेम्पो घेऊन येतात, जागामालक कुलूप लावतो, किंवा प्रतिस्पर्धी रात्रीत पाटी बदलतो. सेल लागायला मधे वेळच उरत नाही. म्हणून कुठे महिनाभर ‘दुकान बंद करणे आहे’ असा फलक दिसला, तर ते दुकान खरंच मरायला टेकलं आहे का, अशी शंका आधी घ्यावी. मंगल कार्यालयात ‘फक्त ३ दिवस’ म्हणून दरवर्षी त्याच हंगामात भरणारे कपड्यांचे सेल वर्ध्यातही आहेत आणि ते दरवर्षी शेवटचेच असतात.

खऱ्या आजारी दुकानाची लक्षणं वेगळी. एकाच बिस्किटाचे पुडे तीन रॅकवर ओळीनं पसरलेले दिसतात, कारण बाकीचं काही आलेलंच नाही. वस्तू पुढच्या कडेला ओढून ठेवलेल्या, मागे हात घातला तर पोकळी. मोठ्या कंपन्यांचा साबण-तेल-टूथपेस्ट आधी गायब होते, कारण त्यांची वसुली कडक. दुकानाच्या स्वतःच्या छापाचा माल तेवढा उरतो. कार्डाचं मशीन ‘आज बंद आहे’. दहा काउंटरांपैकी दोनच चालू. आणि या सगळ्यात सदस्य व्हा, आगाऊ भरा, जास्त मिळवा, असा आग्रह मात्र वाढलेला. हे शेवटचं लक्षण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. ज्याला वितरक उधार देत नाही तो गिऱ्हाइकाकडे उधार मागायला येतो. कुपन म्हणजे उधारीच.

बिग बझारमध्ये ‘प्रॉफिट क्लब’ नावाची योजना होती. दहा हजार रुपये आधी भरायचे आणि पुढचे बारा महिने दरमहा हजार रुपयांचं सामान न्यायचं, एकूण बारा हजारांचं. गिऱ्हाइकाला वाटतं, दोन हजारांची सूट मिळाली. खरं पाहता त्यानं दुकानाला दहा हजार कर्ज दिलेलं असतं आणि परतफेड डाळ-तांदळाच्या हप्त्यांत व्हायची असते. दुकान धडधाकट असेल तर सौदा उत्तम. बँक एवढं व्याज देत नाही. पण ज्याला आपण कर्ज देतो त्याची ऐपत तपासतो का? सावकार तपासतो. आपण ट्रॉली ढकलतो.

बँकेतल्या ठेवीवर नजर ठेवायला कुणीतरी असतं. आम्हा वर्धेकरांना ते वाईट अनुभवातून ठाऊक आहे. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा सहकारी बँकांना नव्या ठेवी घ्यायला बंदी केली, तेव्हा किती घरांची लग्नं आणि पेरण्या अडकल्या ते जिल्ह्यानं पाहिलं. तरीही बँक ठेवीला विम्याचं कवच असतं. तेव्हा ते लाखाचं होतं, २०२० पासून पाच लाखांचं आहे. दुकानाच्या कुपनाला असं काही नाही. जे कुपन किंवा कार्ड फक्त देणाऱ्याच्याच दुकानात चालतं, त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही.

कंपन्यांच्या ठेवींच्या नियमात मात्र एक मेख आहे. मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या रूपात वळती झाली नाही तर ती ‘ठेव’ ठरते आणि कडक नियम लागू होतात. सराफांच्या सुवर्ण-भिशीत ‘११ हप्ते तुम्ही भरा’ हा आकडा कुठून आला, याचं उत्तर इथे आहे. वर्षाच्या आत व्यवहार मिटला की ती ठेव नाही. नियम मोडलेला नसतो, पण पैसा असुरक्षितच असतो. ठाणे-डोंबिवलीकडे ‘गुडविन ज्वेलर्स’च्या पेढ्या ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर एकाएकी बंद झाल्या, तेव्हा सोनं घ्यायला निघालेली माणसं पोलीस ठाण्यासमोर पावत्या घेऊन उभी होती.

दुकान रीतसर नादारीत गेलं तर पैसे कुणाला आधी मिळतात याची उतरंड २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत घालून दिली आहे. पहिला मान प्रक्रियेच्या खर्चाचा. मग कामगारांचं २४ महिन्यांचं देणं आणि तारण असलेल्या बँका, एका पंगतीला. मग इतर कर्मचाऱ्यांचे वर्षभराचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारचा कर. त्यानंतर, सहाव्या पायरीवर, ‘उरलेली देणी’. काकूंची पाचशे रुपयांची कुपनं तिथे बसतात, साबण पुरवणाऱ्या वितरकाच्या आणि थकलेल्या भाडेवाल्याच्या शेजारी. तिथपर्यंत हंड्यात बहुधा थेंब उरत नाही. शिवाय प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात, ग्राहक आयोगातलेही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, मुदतीत दावा दाखल करायचा असतो. पाचशे रुपयांसाठी आंजीहून तो अर्ज कोण भरणार? अशा लाखो न भरलेल्या अर्जांची बेरीज केली तर ती लहान नसेल.

यातून पुढचं शहाणपण अगदी किराणा छापाचं निघतं. दुकानाबद्दल कुजबुज ऐकली की कुपनं, पॉइंट, कार्डातली शिल्लक आधी खर्च करून टाकावी. सणाची वाट पाहू नये, मोठ्या खरेदीसाठी जपू नये. काकूंनी नेमकं जपलं होतं.

शेवटच्या सेलमध्ये सवलतीचा टक्का वाचण्यात अर्थ नाही, किलोचा भाव काढावा. छापील कमाल किंमत ही कमाल असते, बाजारभाव नव्हे. खाद्यतेलाच्या पिशवीवरची किंमत आणि आंजीतल्या दुकानाचा भाव यांत एरवीच बरंच अंतर असतं. सेलमधले ‘१५ टक्के कमी’ कित्येकदा त्या अंतरातच मावतात. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, तेव्हा सवलत दिल्यावर वरून जीएसटी लावला तर हटकावं. ग्राहक आयोगांनी ही प्रथा अनुचित ठरवली आहे. मीठ, साखर, स्टीलची भांडी, झाडू, सुती चादर, वह्या यांना दुकान बुडालं काय अन् तरलं काय, फरक पडत नाही. बाळाची दूध पावडर, तेल, सुकामेवा, क्रीम यांची तारीख डोळ्यांत तेल घालून बघावी. मंद चालणाऱ्या दुकानात डाळीला जाळी धरते, आणि एसी बंद झालेल्या दुकानात चॉकलेट एकदा वितळून पुन्हा गोठलेलं असतं. त्यावरची पांढरट झाक हीच त्याची साक्ष. मिक्सर-टीव्ही घ्यायचाच असेल तर हमी कंपनीची आहे का दुकानाची, ते विचारावं. कंपनीची हमी दुकानाबरोबर बुडत नाही, पण पक्कं बिल आणि शिक्का हवा. दुकानानं वेगळे पैसे घेऊन विकलेली ‘वाढीव हमी’ मात्र त्या शटरबरोबरच खाली येऊ शकते.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सेलमध्ये हमखास असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. कागदावर कायदा भक्कम आहे. फक्त तिसाव्या दिवशी त्या जागी कुणी असायला हवं. दुकान अजून उघडं असेपर्यंत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करण्यात अर्थ आहे, नंतर तो शोकसंदेश ठरतो.

आणि जरा त्या पोराकडेही बघावं, जो ‘सिस्टीम बंद झाली’ म्हणतो. त्याचा पगार थकलेला असण्याची शक्यता मोठी असते आणि तरी तो आपली कढई वर्तमानपत्रात गुंडाळून देत असतो. लहान शहरांत बरीच साखळी दुकानं स्थानिक माणसानं अनामत भरून, सजावटीचा खर्च करून चालवायला घेतलेली असतात. वरची कंपनी बुडाली की शिव्या त्याला बसतात आणि अनामतही त्याचीच जाते. काउंटरवर भांडताना आपण बहुधा चुकीच्या माणसाशी भांडत असतो.

साखळ्या टिकतच नाहीत असं नाही. राधाकिशन दमाणींच्या डी-मार्टनं २००२ मध्ये पवईपासून सुरुवात केली. शक्य तिथे जागा विकत घ्यायच्या, वितरकाचे पैसे लवकर चुकते करून स्वस्तात माल उचलायचा, आणि नवीन दुकान सावकाश काढायचं, अशी त्यांची रीत. वर उलट्या चाकाची गोष्ट सांगितली ती त्यांना लागू होत नाही, कारण ते चाक त्यांनी लावलंच नाही. वर्ध्यात गांधीकाळापासूनचं गोरस भांडार आहे. दूध आणि गोरसपाक, शहरात ठिकठिकाणी त्याची केंद्रं, पण पसरायची घाई कधी नव्हती. आणि राज्यातली सगळ्यांत मोठी साखळी तर आपण साखळी म्हणून मोजतच नाही: रेशनचं दुकान. ना सेल, ना कुपन, ना सजावट. अंगठा लागला नाही म्हणून माणसं परत जातात, पण दुकान बुडालं म्हणून कुणी परत गेलेलं ऐकलं नाही.

काकूंनी त्या दिवशी डबे आणि साबण ठेवून दिले. कढई घेतली, रोख देऊन. कुपनं त्यांनी फाडली नाहीत. घरातल्या देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, जुन्या चुकाऱ्याच्या पावत्यांबरोबर ती अजून आहेत. आमच्या गावातल्या एका किराणावाल्या भाऊंनी त्याच दुकानाचे चार लोखंडी रॅक भंगाराच्या भावात उचलले आणि बंडीवर घालून दुकानात आणले. रॅकच्या कडेला प्लॅस्टिकच्या पट्टीत जुनं लेबल राहून गेलं आहे: ‘शिशू आहार’. तिथे आता तिखटाची पाकिटं असतात. उधारीची वही त्याच फळीवर, तिखटाच्या मागे.